कूलर बंद करून ऐका

अरुंधती : ...आणि जाताना तो कॅसेट कंपनीचा माणूस मला म्हणाला, ‘वहिनी, साहेबांना तुम्हीच समजवा. गिऱ्हाइकांची रेकॉर्ड ऐकायची खोली आमच्या कॅसेटींना द्या, सीताबर्डीवर पहिला मान तुमच्या दुकानाला. संध्याकाळी उत्तर घ्यायला येतो. नाही म्हणालात तर पलीकडच्या गल्लीत माझं बोलणं झालेलं आहे.’

विश्वनाथ : मग तू काय सांगितलंस?

अरुंधती : म्हटलं, आमचे साहेब त्या खोलीचे पुजारी आहेत. देवाला कौल लावून सांगतील.

विश्वनाथ : कर थट्टा. पण जर्मन छपाईची ही जाड रेकॉर्ड म्हणजे निराळी चीज आहे, अरुंधती. सतारीच्या तारेला नखी लागते ना, ती लागलेली ऐकू येते. कॅसेटमध्ये नुसती खरखर. लोकांचे कान एकदा तयार झाले, की कॅसेटकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

अरुंधती : कान तयार होईस्तोवर माणूस शिजून निघतो, त्याचं काय? मे महिना आहे. तुमची नखी ऐकायची तर खिडकीतला कूलर बंद करावा लागतो. परवा ते प्रोफेसर अर्धी बाजू ऐकून उठले, उसाचा रस पिऊन येतो म्हणाले. अजून पिऊनच राहिलेत.

विश्वनाथ : हिवाळ्यात येतील.

अरुंधती : आणि तोवर त्या खोलीचं नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच. आपली छोटी. जेवली की झोपायला येते.

देवराव : रामराम विश्वनाथजी. वहिनी, पोट्टी झोपली वाटते?

अरुंधती : झोपली आहे, हळू बोला. भिवापूरहून मिरचीची गाडी आली ना, देवरावभाऊजी? तुमच्या आधी वासच दुकानात शिरला.

देवराव : आताच पोती उतरवून आलो. म्हटलं, थोडी सतार ऐकावं अन् मंग घरी जावं.

विश्वनाथ : बरे आलात. हे बघ अरुंधती, जाणकार. महागाच्या रेकॉर्ड नेणारा माणूस. देवराव, तुम्हीच हिला सांगा, घरी लावल्यावर कॅसेटच्या मानानं कशी वाटते ती?

देवराव : खरं सांगू का गा? घरी नेली, तं बायकोनं तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला अन् शोकेसात ठेवली. म्हणते, एवढी भारी चीज, घासून जाईन. मी तं गाडीत कॅसेटच ऐकून राहिलो.

विश्वनाथ : तुम्हीसुद्धा.

अरुंधती : अहो, स्टुलावर नीट बसा, पडाल.

विश्वनाथ : तुम्हा दोघांना कळत नाही. मुंबईत आता तळहाताएवढी चांदीसारखी तबकडी आली आहे. तिला सुईच नाही, उजेडानं वाजते म्हणे. म्हणजे जग कुठे चाललंय? बारकाईकडेच ना?

देवराव : मंग तं तुमची ही जाडी बी म्हातारी झाली ना गा.

अरुंधती : बोलून उपयोग नाही, आपण परीक्षाच घेऊ. त्या माणसानं नमुना म्हणून ह्याच सतारीची कॅसेट दिली आहे. तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसा. मी कधी रेकॉर्ड लावीन, कधी कॅसेट. तुम्ही ओळखलंत, तर त्याला मी स्वतः नाही सांगते. नाही ओळखलंत, तर खोली द्यायची.

विश्वनाथ : कबूल.

अरुंधती : भाऊजी, तुम्ही छोटीला मांडीवर घ्या. कूलरची घरघर थांबली की ती उठते. थांबा, थांबा. आधी हात धुवा. साबणानं. भिवापूर तिच्या डोळ्यांत नको जायला.

देवराव : धुतो, वहिनी. आमच्या घरी तं बाळंतिणीच्या खोलीत मले उंबऱ्याच्या आत येऊ देत नाई.

(कूलर बंद होतो. सतार वाजते, थांबते, पुन्हा वाजते.)

अरुंधती : ही कोणती?

देवराव : रेकॉर्ड.

विश्वनाथ : कॅसेट.

अरुंधती : कॅसेट. बरं, आता ही?

देवराव : आता तं रेकॉर्डच असन.

विश्वनाथ : पुन्हा कॅसेटच.

अरुंधती : हो. आणि ही?

विश्वनाथ : ही रेकॉर्ड.

देवराव : हारलो बाप्पा. मले दोन्हीकडून सतारच ऐकू येऊन राहिली. हे पाहा, पोट्टी बी माह्यावर हसून राहिली.

अरुंधती : एकदाही चुकला नाहीत. मी स्वतःच्या हातानं लावत होते, तरी मला काही फरक कळला नाही. जिंकलात तुम्ही. येऊ दे त्याला, नाही म्हणून सांगते.

देवराव : म्हणजे साऱ्या नागपुरात या रेकॉर्डीचं पक्कं गिऱ्हाईक एकच निघालं वहिनी, अन् तोच दुकानदार.

अरुंधती : असू दे. असे कान असलेल्या माणसाकडून त्याची खोली काढून घ्यायची नाही मला. चला, घाम पुसा.

विश्वनाथ : त्याला हो सांग.

अरुंधती : आता का?

विश्वनाथ : सतारीवरून मलाही काही कळलं नाही.

देवराव : मंग ओळखलं कसं गा?

विश्वनाथ : हिच्या बांगड्यांवरून. कॅसेटचं बटण दाबताना त्या किणकिणतात. सुई ठेवायची असली, की ही बांगड्या पार कोपराकडे सारते, दुसऱ्या हातानं दाबून धरते. आणि श्वास रोखते. तेवढा वेळ खोलीत काही म्हणता काही ऐकू येत नाही.

देवराव : मी तं पोट्टीले खेळवून राहिलो होतो. मले कुठून ऐकू येते.

अरुंधती : तुम्हीच शिकवलंत ना मला, लग्न झाल्यावर? धक्का लागला तर रेघ पडते म्हणून.

विश्वनाथ : बांगड्यांचं मी सांगितलं होतं. श्वासाचं नाही.

देवराव : घ्या वहिनी, तुमची पोट्टी घ्या. मी निघतो. तुमचा तो कॅसेटवाला समोर टपरीवर चहा पिऊन राहिला. पाठवून देऊ का?

अरुंधती : पाठवा. पण त्याचा चहा सावकाश होऊ द्या.

विश्वनाथ : एका फळीवर रेकॉर्डी राहू दे म्हणावं त्याला.

अरुंधती : ते मी बघते. तो येईस्तोवर अजून एकदा लावते रेकॉर्ड. या वेळी भिंतीकडे तोंड करून बसू नका.