भोपळ्यांतलं घर

हाउसिंग सोसायटीच्या दिल्लीतल्या ऑफिसात लाइन तासभर हलली नव्हती. पुढून मराठी ऐकू आलं, तसे विलासने कान टवकारले. पांढऱ्या साडीतल्या बाई होत्या, गळ्यात बारीकसा क्रूस, हातात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. सोबत दीर.

"वहिनी, पाळकसाहेब काहीही बोलतात. म्हणे दादासाठी वर जागा तयार आहे. बघून आलंय का कुणी?"

"भाऊजी, तुमच्या दादांनी मयूर विहारचा फ्लॅट पाहिला होता?"

"अहो, त्याचं अलॉटमेंट लेटर होतं!"

"सतरा वर्षं होतं. दर रविवारी चर्च सुटलं की तुम्ही दोघं मला तिथं न्यायचात. काय होतं तिथं?"

"भोपळ्याचे मळे."

"त्या भोपळ्यांत उभे राहून तुम्हीच म्हणालात, वहिनी, इथं तुमचा ओटा, इथं बाल्कनी. मी पडदेसुद्धा शिवले."

"पण लेटरवर शिक्का होता, वहिनी."

"हो ना. हे गेले तरी तिथं भोपळेच आहेत."

"दादाला ते घर बघायला मिळायला हवं होतं."

"वर मिळालं, भाऊजी. आणि तिथं ह्यांना लाइन लावावी लागली नसणार."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बाबूजी आज छुट्टी पर हैं. कल आइए." आणि खिडकी बंद झाली.

"चला वहिनी. उद्या नक्की काम होणार."

"कशावरून?"

"आत्ता तो म्हणाला ना!"

"बिल्कुल," बाई म्हणाल्या. "तुमच्याइतकी श्रद्धा माझ्यात नाही हो."

विलासने आपलं प्लॅस्टिकच्या कव्हरातलं लेटर जपून पिशवीत ठेवलं. उद्या त्यालाही यायचं होतं.