वामनरावांच्या टॅबलेटचा अखंड जप

मंडळी, ऐका! आज प्रश्न अगदी सोपा आहे. नवस बोलायचा आपण — आणि फेडायचा कुणी? हं! झाल्या माना खाली! बसा, बसा, उठू नका. आरतीनंतर खिचडी आहे, ती काही तुमच्याशिवाय संपत नाही.

तर लांज्यात वामनराव रुमडे म्हणून एक गृहस्थ. एस.टी.त कंट्रोलर! तीस वर्षं स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. आवाज असा, की रत्नागिरीची गाडी पुकारली तर रत्नागिरीत ऐकू जावी! निवृत्त झाले, घरी बसले. घरात दोघंच — ते आणि कुमुदकाकू.

गेल्या साली काकूंना न्युमोनिया झाला. चार दिवस शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, "बघू." मंडळी, डॉक्टर 'बघू' म्हणाला की माणूस देवाकडे बघतो! वामनरावांनी खाटेशेजारी हात जोडले — "देवा, हिला घरी येऊ दे. वर्षभर माझ्या घरात तुझं नाव अखंड चालेल. क्षणाचाही खंड पडणार नाही!"

आणि काकू घरी आल्या! देवानं आपलं काम केलं. आता पाळी कुणाची?

वामनराव बसले जपाला. पहिला दिवस झाला, दुसरा झाला. घसा बसला! तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, लेकीचा जुना टॅबलेट काढला, त्यात जपाचं ॲप घातलं आणि टॅबलेट ठेवला देव्हाऱ्यात. "श्रीराम जय राम जय जय राम" — चालू! रावसाहेब पेपर वाचायला मोकळे! हसता काय? तुमच्या घरी भिंतीला मंत्राचा डबा नाही, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा बघू! ...एक हात नाही. चालू द्या.

अकरा महिने तोच बाप्या, तोच सूर. काकूंचं डोकं उठलं. "अहो, त्याला एकदा तरी ठसका लागू द्या!" म्हणायच्या.

आणि बाराव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी टॅबलेटवर पाटी आली — 'अपडेट करा. रविवारपासून हे ॲप चालणार नाही.' वामनरावांनी कॅलेंडर गाठलं. नवसाचे तेवीस दिवस बाकी! जप तुटला तर नवस तुटला, आणि नवस तुटला तर... त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू माठाची भाजी निवडत होत्या. पुढचा विचार त्यांना करवेना.

लावला फोन पुण्याला, तेजश्रीला. तेजश्री म्हणजे पुतणी, कॉम्प्युटरवाली. "काका, अपडेटवर बोट ठेवा." ठेवलं. 'जागा शिल्लक नाही!' जागा कशानं भरली? गुड मॉर्निंगच्या फुलांनी! चार हजार फुलं! एवढी फुलं देवाला वाहिली असती तर? पुसली सगळी. पुन्हा बोट. 'चार्जिंग अपुरे!' वायर लावलेलीच होती, पण पिन ढिली. वायरीखाली चंदनाची सहाण सरकवली, तेव्हा कुठे वीज शिरली. पुन्हा बोट. 'अपडेट अयशस्वी!'

"काका, तारीख काय दाखवतोय?"

तारीख नऊ वर्षं मागची! "म्हणजे ह्याच्या हिशेबी मी अजून नोकरीत!" वामनराव खूश. काकू म्हणाल्या, "मग जा कामावर."

तारीख दुरुस्त केली. आणि काय सांगू — अपडेट उतरलं! वामनरावांनी देवाला नमस्कार केला. तेवढ्यात तेजश्री म्हणते, "आता फक्त बंद करून चालू करा. जुना आहे, वीसेक मिनिटं लागतील."

"बंद? अगं, अखंड आहे तो! बंद कसा करू?"

"त्याशिवाय होत नाही, काका. तुमच्या मोबाइलवर लावा ना जप तेवढा वेळ."

मोबाइल बटणांचा! त्यात काय वाजणार? शेजारी सोमवारपासून मुंबईला. वामनराव घामाघूम. स्टँडवर गाडी रद्द झाली तरी 'उशिरा येईल' पुकारायची सवय. मनात आलं, देवालाही तसंच सांगावं का? मंडळी, देव काय स्टँडवरचा पाशिंजर आहे?

काकूंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "अहो, तुम्हाला तोंड आहे ना?"

झालं! वामनरावांनी टॅबलेट बंद केला आणि डोळे मिटून सुरू केलं — "श्रीराम जय राम जय जय राम!" आवाज तोच, स्टँडवरचा! रस्त्यानं चाललेला एक माणूस पिशवी सावरून पळत सुटला, त्याला वाटलं गाडी लागली! आधी वामनराव एक डोळा उघडून टॅबलेटवर सरकणारे टक्के बघत होते. मग बघायचे राहिले. मग आवाज कापायला लागला. काकू जवळ येऊन बसल्या होत्या. ही जाऊ नये, ही जाऊ नये, एवढं एकच त्या नावात भरलं होतं.

टॅबलेट जागा झाला. 'जप सुरू करायचा?' वामनरावांनी बोट पुढे केलं. काकूंनी मनगट धरलं.

"अगं, खंड पडेल!"

"खंड तुम्ही कपाट उघडलंत त्या दिवशीच पडला. आणि तरी मी आहे की! दवाखान्यात मला शुद्ध नव्हती म्हणता, पण तुम्ही नाव घेत होतात ते ऐकू येत होतं मला. त्या आवाजाच्या मागे मागे मी घरी आले. आणि घरी येऊन बघते, तर तो आवाजच घरात नाही."

मंडळी, तीस वर्षं माइकवर बोललेला माणूस! तो उठला, वायर उपटली. त्यानं टॅबलेट कपाटात ठेवला आणि दोघं सकाळ-संध्याकाळ जपाला बसू लागले. नवस फिटला का? ते देवाला विचारा. नवसाचं वर्ष उलटून गेलं, परवा मी त्यांच्याकडे चहाला होतो, तर काकू ओरडत होत्या — "अहो, हळू! देव इथेच आहे, देवरुखला नाही!"

आता तुमची पाळी! ते खांबाजवळचे काका मघापासून मोबाइल उंच धरून कीर्तन भरून घेतायत. घरी जाऊन ऐकणार? कधी? काका, तुमचा मोबाइल जाईल वैकुंठाला आणि तुम्ही बसाल चार्जर शोधत! ठेवा खाली. सगळेच ठेवा. तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्या आवाजाची वाट बघतंय, आणि तुम्ही त्याला फुलं पाठवताय! हात झाले मोकळे? घसा बसलेला असो, सूर चुकलेला असो, देवाला चालतो. माझ्या मागून नको, माझ्याबरोबर. स्वतःच्या तोंडानं बोला —

श्रीराम जय राम जय जय राम!