अर्धी बाटली एरंडेल

(इटलीत पो नदीच्या खालच्या अंगाचं एक गाव, १९३८ सालचा वसंत. अल्चीदेचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अल्चीदे, त्याची बायको देझोलीना आणि फॅसिस्ट पक्षाच्या काळ्या शर्टातला एर्मेते.)

एर्मेते: हळू बोल बाबा, दार उघडं आहे.

अल्चीदे: ते उघडंच असतं. एकवीस साली तुम्ही लोकांनी लाथ घातलीत, तेव्हापासून चौकटीत बसत नाही.

एर्मेते: तेच! नेमकं तेच पक्षाच्या कमिटीपुढे सांगायचं. लाथ घालणाऱ्यांत मी होतो म्हणून.

देझोलीना: थांबा, मला नीट कळू दे. तुम्ही माझ्या नवऱ्याला चौकात धरलंत, अद्दल घडवायला एरंडेल पाजलंत. आणि आता त्यानं धुतलेला सदरा घालून कमिटीपुढे जायचं आणि सांगायचं, होय साहेब, यांनीच पाजलं, फार छान पाजलं?

एर्मेते: छान म्हणायची गरज नाही. नुसतं पाजलं म्हटलं तरी चालेल.

देझोलीना: आणि हे कशासाठी? ताकाला येऊन भांडं लपवू नका.

एर्मेते: जकात नाक्यावर मुख्याची जागा निघाली आहे. ती जुन्या शिलेदारालाच मिळणार. बावीस साली पक्षाची रोमवर चाल झाली त्याच्या आधीपासून जो काळ्या शर्टात आहे, तो जुना. बाकीचे वरातीमागून घोडी.

अल्चीदे: मग तू जुनाच आहेस. अडलंय कुठे?

एर्मेते: साक्षीदार नाहीत ना. त्या दिवशी लॉरीतून आम्ही अकरा जण आलो होतो. आता गावात विचारलं तर त्या लॉरीत साठ माणसं बसलेली निघतात. आपला चर्चचा घंटा वाजवणारा, तो तेव्हा पाळण्यात असेल, तोही म्हणतो मी मागच्या फळीला लोंबकळत होतो.

अल्चीदे: मोठी लॉरी होती मग.

एर्मेते: चेष्टा नको. खऱ्या अकरांतले चार मेले, तिघं आफ्रिकेत लढाईवर गेले, आणि जे उरले ते सगळे त्याच जागेवर डोळा ठेवून आहेत. माझ्या बाजूनं कोण बोलणार? कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, ज्याला पाजलं त्याला आणा. त्याच्या इतकं कुणाच्या लक्षात राहणार?

देझोलीना: अध्यक्ष हुशार दिसतो.

अल्चीदे: लॉरी जमीनदार संघाची होती.

एर्मेते: कुणाची का असेना.

अल्चीदे: पेट्रोल साखर कारखान्याचं. वाइन जमीनदार काउंटच्या तळघरातली. पोलिस त्या दिवशी सगळेच्या सगळे तळ्यावर वाम मासे धरायला गेलेले. तुमचं स्वतःचं काय होतं रे त्यात?

एर्मेते: राष्ट्र! आम्ही राष्ट्रासाठी आलो होतो.

अल्चीदे: तुला काउंटच्या कारभाऱ्यानं बूट दिले होते.

एर्मेते: दिले असतील.

अल्चीदे: राष्ट्र कितव्या मापाचं होतं?

एर्मेते: त्रेचाळीस. चावत होते पहिल्यांदा. पण तू मला काय बोलतोस? युद्धावरून आलो तेव्हा पायाला चिंध्या बांधल्या होत्या मी. आणि तुम्ही लाल संघटनावाले काय संत होता? संपात कामावर गेला म्हणून गुएर्रीनोच्या बापाला गावात कुणी पाव विकायचा नाही, हा ठराव कुणाचा?

अल्चीदे: माझा. म्हणून गुएर्रीनोचा राग मला समजतो. तो लॉरीतून उतरला तेव्हा त्याच्याकडे कारण होतं. तुझ्याकडे बूट होते.

देझोलीना: आणि बाकीच्यांकडे भूक होती, नाहीतर दारू. मी सगळ्यांना ओळखत होते. एक तर नुसता लॉरीत बसायला मिळतंय म्हणून आला होता.

एर्मेते: तुम्ही काहीही म्हणा. त्याच माणसांनी पुढे राज्य आणलं.

अल्चीदे: आणलं. आणि राज्य आलं तसा राज्याला प्रश्न पडला, या दांडकेवाल्यांचं करायचं काय. घरी पाठवले तर दुसऱ्या कुणाच्या लॉरीत बसतील. म्हणून त्यांना फौज म्हटलं, पगार बांधला, टोपीला गोंडा लावला.

देझोलीना: आणि आता ती फौज दर शनिवारी मैदानात आगीच्या कड्यातून उड्या मारते. परवा गुएर्रीनो अर्ध्यात अडकला. पुढून चौघांनी ओढला, मागून दोघं पाणी ओतत होते.

एर्मेते: त्याचं वजन वाढलंय. पण तोच माझ्या मुळावर उठलाय, देझोलीना. जागा त्याला पाहिजे. तो कमिटीत सांगत फिरतो की एर्मेते लॉरीत होता, पण एर्मेते कच्चा होता. बाटली याच्या हातात दिली आणि यानं अल्चीदेला अर्धीच पाजली. दया आली म्हणे. मला पाठीमागे सुईण म्हणतात.

अल्चीदे: अर्धीच होती.

एर्मेते: ती पूर्ण होती असं सांग.

अल्चीदे: एर्मेते, अर्धीच होती. तू खांद्यापाशी वाकलास, बाटली तोंडाला लावलीस, आणि ती लगेच संपली. मी डोळे उघडून बघितलं. तू दुसरीकडे बघत होतास.

एर्मेते: कमिटीला हे नको आहे.

अल्चीदे: नेरेओला पूर्ण पाजली. संघटनेचं दुकान सांभाळणारा म्हातारा नेरेओ. गुएर्रीनोनं पाजली, तीही वर गुरासारखं झोडपून. तो आठवडाभरात गेला. मी राहिलो. का राहिलो ते मला माहीत आहे.

देझोलीना: साहेब, या साक्षीचं आम्हाला काय मिळणार?

एर्मेते: आत्ता मुद्द्याचं बोललीस. तुमचा लीबेरो.

देझोलीना: बोला.

एर्मेते: बेटावर हद्दपारीची आणखी दोन वर्षं काढायची आहेत ना त्याला? माफीचा अर्ज वर जाताना त्यावर जिल्ह्याच्या पक्षप्रमुखाचा शेरा लागतो. पक्षप्रमुखाचा सेक्रेटरी माझा साडू. मी नाक्यावर बसलो की माझ्या शब्दाला वजन येईल. द्राक्षं तोडायला पोरगा घरी.

देझोलीना: खानावळीत शीळ घातली म्हणून नेला माझ्या पोराला. लाल गाण्याचा शब्दसुद्धा नाही, नुसती चाल. तिथं समुद्राच्या वाऱ्यात त्याचा खोकला छातीत उतरलाय. अल्चीदे, पूर्ण बाटली म्हण. दोन म्हण. पिंप म्हण.

अल्चीदे: मी पोरासाठी खोटं बोलेन. पाहिजे तर म्हणेन की यानं माझे हात मोडले, माझं घर जाळलं. पण हे सोडून.

देझोलीना: का?

अल्चीदे: कारण त्या दिवसाचं माझ्यापाशी एवढंच एक चांगलं आहे. संघटना गेली, नेरेओ गेला, ज्यांच्याबरोबर गवत कापलं त्या माणसांनी मला चौकात धरून ठेवलं. आणि त्यातल्या एकाचा हात आवरला. मी त्याच्यावर जगलो, देझोलीना. माणूस अगदीच वाया गेलेला नाही, असं मी लीबेरोला लहानपणापासून सांगत आलोय. ते मी कमिटीपुढे पुसून टाकू?

देझोलीना: तुझं ते चांगलं तू उशाशी घेऊन झोप. मला पोरगा पाहिजे.

अल्चीदे: मलाही पाहिजे.

देझोलीना: मग म्हण.

अल्चीदे: तोंडातून निघणार नाही. मी स्वतःला ओळखतो. तिथं उभा राहीन आणि खरं तेच बाहेर पडेल.

एर्मेते: अरे देवा. एवढंच आहे का? एवढ्यावर घोडं अडलंय?

अल्चीदे: तुला हे एवढंसं वाटतं?

एर्मेते: अल्चीदे, ऐक. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्यावर दया वगैरे काही केली नाही.

अल्चीदे: आता लाजू नकोस.

एर्मेते: लाजत नाही, शपथेवर सांगतो. बाटल्या सकाळीच वाटल्या होत्या कारभाऱ्यानं, माणशी एक. मी माझी घेऊन घरी जेवायला गेलो. आईची गाय फुगली होती. ओला लसूणघास खाल्लेला, पोट नगाऱ्यासारखं. आई रडत होती, तेवढी एकच गाय आमची. मग काय करणार? अर्धी बाटली गायीला पाजली.

देझोलीना: गायीला?

एर्मेते: अर्धी उरली ती तुला. दुसरीकडे बघत होतो ते गुएर्रीनोच्या लक्षात येतंय का, हे बघायला. बाटली पूर्ण असती तर पूर्णच पाजली असती, ईश्वराची शपथ. म्हणजे तुझी अडचण मिटली ना आता? मनानं मी पूर्णच पाजली.

अल्चीदे: गाय जगली?

एर्मेते: जगली. नऊ वर्षं दूध दिलं तिनं.

देझोलीना: हसू नको तर काय करू? राष्ट्राचं एरंडेल गायीच्या पोटात. तुमच्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात लावा तिचं चित्र, राष्ट्रनेते दूचेंच्या शेजारी.

एर्मेते: हे या चार भिंतींत राहू दे हं. मी मित्र म्हणून सांगितलं.

देझोलीना: अल्चीदे. अरे बोल काहीतरी. हातातला पाना खाली ठेव आधी.

अल्चीदे: कमिटी कधी आहे?

एर्मेते: सोमवारी. म्हणजे येतोस?

अल्चीदे: येतो. पूर्ण बाटली म्हणतो. शेवटचा थेंबसुद्धा बुडाला हात मारून पाजला म्हणतो. आता सहज निघेल तोंडातून.

एर्मेते: वा. मला माहीत होतं तू समजूतदार आहेस. हात दे. छे, हात मिळवायला पक्षाची बंदी आहे, वर करायचा.

अल्चीदे: वर करू नकोस, चाक टांगलंय.

देझोलीना: साहेब, जरा थांबा. सोमवारी तो बोलेल. पण लीबेरो द्राक्षं तोडायच्या आत या दारात दिसला पाहिजे.

एर्मेते: मी प्रयत्न करीन म्हटलं ना. वरच्यांच्या हातात असतं.

देझोलीना: प्रयत्न नको. गुएर्रीनोच्या बायकोच्या शेजारीच मी कालव्यावर कपडे धुते. पोरगा आला नाही तर मी त्या काठावर तुमची गाय सोडीन. संध्याकाळपर्यंत ती जिल्ह्याच्या कचेरीत पोचेल.

एर्मेते: देझोलीना, मला सुईण म्हणतात ते परवडलं. पक्षाचा माल चोरला म्हटलं तर नाका जाईल, शर्टही जाईल.

देझोलीना: म्हणून तर म्हणते, साडूला आजच भेटा.

एर्मेते: आत्ता भर दुपार आहे. तो जेवत असेल.

देझोलीना: मग गरम गरम भेटेल. निघा. सायकल तयार आहे तुमची, पंक्चर काढलंय.

एर्मेते: पैसे सोमवारी देतो.

देझोलीना: जा.

अल्चीदे: गेला?

देझोलीना: पुलापर्यंत पोचला. कधी नव्हे ते उठून उठून पायडल मारतोय. तू असा का बसलास? मला वाटतं पोरगा येईल, अल्चीदे. हा माणूस घाबरलाय, आणि घाबरला की तो काम करतो.

अल्चीदे: येईल.

देझोलीना: मग?

अल्चीदे: सतरा वर्षं तो रस्त्यात दिसला की मी टोपी काढतो. लोकांना वाटायचं, अल्चीदे घाबरला.

देझोलीना: मलाही तेच वाटायचं. कधी बोलले नाही.

अल्चीदे: उद्या सकाळी चौकात दिसेल तो. काय करू?

देझोलीना: काढ. लीबेरो येऊन या टेबलाशी जेवायला बसेपर्यंत रोज काढ. मग राहू दे डोक्यावर.