डायपरच्या डब्यातली पुडी

जबाब देणार: बसस्टँडच्या संडासावरची मावशी, नाव वेगळ्या कागदावर दिलंय. वय साठीच्या आसपास. नक्की आईलाही माहीत नव्हतं. काम सफाईचं. राहणार संडासामागची खोली. नवरा वारलेला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, हल्ली आमच्याकडे पोरं एक नवीन पूड घ्यायला येतात. तिला ती 'झोप' म्हणतात. घेतलेला जागेवरच बसतो, तोंडाला फेस, कपडे खराब. मागे दोन पोरं दार तोडून बाहेर काढली. दोन्ही गार. मागचं धुतलं मीच.

काल दुपारी साध्या कपड्यांतले दोन तरुण पोलीस आले. कसले साधे, बूट आरशासारखे. मी म्हटलं, "काय नवरदेव, वरात चुकली का?" एक लाजला. त्याला मी नवरदेवच म्हणत राहिले. दुसरा हसला नाही. तो दुसरा म्हणजे आता हा जबाब लिहून घेणारे साहेब.

पूड कुठं लपवतात विचारलं. मी बायकांच्या बाजूचा डायपर टाकायचा डबा दाखवला. दोघांनी नाकाला रुमाल लावले. हात कोणी घालेना. नवरदेव म्हणाला, आईला कळलं तर घरात घ्यायची नाही. मी म्हटलं, बाळ झालं की सवय होईल. मग मीच कोपरापर्यंत हात घातला. तळाशी प्लास्टिकची पुडी निघाली. या साहेबांनी ती आधी नळाखाली धुवून मागितली. धुतली.

पुडी उघडून हे साहेब नवरदेवाला म्हणाले, "मीठ-बिठ निघालं तर चौकीत हसतील. जरा चाखून बघ." त्यानं करंगळी बुडवून जिभेला लावली. पोलीस असंच तपासत असतील असं मला वाटलं. मी विचारलंसुद्धा, मीठ बरोबर आहे का हो.

"कडू आहे, मावशी," म्हणाला आणि खाली बसला. मी म्हटलं, उठा, फरशी ओली आहे. उठला नाही. गाडी येईपर्यंत डोकं माझ्या मांडीवर होतं, आली तेव्हा तोही गार. नंतर त्याचे बूट पुसून दिले.

आज सकाळी त्याची आई संडासावर आली. तिला चौकीतून सांगितलंय म्हणे, की मुलाला पुडीचा नाद होता. नादवाल्यांची तोंडं मी रोज बघते. त्याच्या तोंडाला साबणाचा वास होता. लोकांची घाण काढण्यात माझा जन्म गेला, ओकारी कधी आली नाही. तिचं ऐकून आली. म्हणून चौकीत स्वतः चालत आले.

जबाब वाचून दाखवला. पहिल्या वेळी 'चाखून बघ' वाचलंच नाही. मी म्हटलं, साहेब, घशात अडकलं का, पाणी प्या आणि परत वाचा. परत वाचलं, पुटपुटत. तिसऱ्यांदा बाहेरच्या बाकावर नवरदेवाची आई बसलीय तिला ऐकू जाईल असं वाचायला लावलं. गावच्या शाळेत चौथी शिकलेय, त्यामुळे ते वाक्य कागदावर बोट ठेवून बघितलं. आहे. सांगितलं तसंच लिहिलंय. अंगठा नको, सही करते.