बहात्तर किलो, मागे डावीकडे

महादू : बोला आता! आवाज पुढून येतो का मागून?

आत्माराम : अरे, मी डिकीत आहे! मला सगळंच पुढून येतं!

महादू : डोक्याच्या बाजूने का पायाच्या?

आत्माराम : पाय डोक्याजवळच आहेत माझे! महादू, खड्डा चुकव रे!

महादू : खड्डा चुकवला तर ती खडखड बोलनार कशी? हा खास तिच्यासाठी घेतला. आली का?

आत्माराम : आली! डब्यात कुणी सुपाऱ्या हलवतंय तशी! थांबव आता. माझा चष्मा स्टेपनीखाली गेला.

महादू : उतरा, हळू. आधी डोकं काढा, मग पाय. आत्मारामभाऊ, वीस वर्सं जाली मला बोईसरमधी गॅरेज टाकून. नवापूरच्या किनाऱ्यावरल्या एका बोटीच्या इंजिनातली खडखड मी काढली, ती तीन दिवस गॅरेजात मोकळी फिरत होती. रात्री पाने वाजवायची. शेवटी एका रिक्षात शिरली नि पालघरला गेली. पन तुमची ही कायच्या काय हट्टी हाय.

आत्माराम : शॉकअप बदललेस, बुश बदललेस, सायलेन्सर तारेने बांधलास. चारही दरवाजे काढून गाडी पाम गावापर्यंत फिरवलीस, लोक मला नमस्कार करायला लागले, निवडणुकीला उभा राहिलो समजून. तरी खडखड आहेच. पामच्या कोंबड्या गाडीमागे धावतात, दाण्यांचा डबा वाजतोय म्हणून. परवा एकीने मागच्या सीटवर अंडं घातलं.

महादू : ते मी खाल्लं. चांगलं होतं.

आत्माराम : आज गुरुवार. रविवारी हेमांगी याच गाडीतून पालघरच्या हॉलवर जायची आहे. ती म्हणते, बाबा, भाड्याची गाडी आणा, या खुळखुळ्यातून नवरी उतरली तर बॅन्डवाले वाजवणं थांबवतील. चिकूच्या वाडीच्या पैशावर घेतलेली स्वतःची गाडी दारात असताना माझी मुलगी भाड्याच्या गाडीतून जाईल?

महादू : ही सुरू कदी जाली? दिवस सांगा.

आत्माराम : तीन वर्षं झाली. ताई उतरली त्या दिवशी.

महादू : कोन ताई?

आत्माराम : माझी मोठी बहीण. दमयंती. बेटेगावला दिलेली. नेहमी मागे डावीकडे बसायची. ब्रेक लाव, हॉर्न वाजव, टेम्पो येतोय, हा बघ सायकलवाला. मी म्हटलं, ताई, जरा तोंड बंद ठेव. ती म्हणाली, गाडी थांबव. बेटेगाव नाक्यावर उतरली ती उतरलीच. मी घरी पोचेपर्यंत ही सुरू झाली होती.

महादू : आनि हे आज सांगता? मी उगाच इंजिन खोललं! वजन गेलं, भाऊ, वजन! गाडीला बायची सवय लागली होती. किती भरते ती?

आत्माराम : बहात्तर. दवाखान्यात नेलं होतं तेव्हा काट्यावर बघितलं होतं मी. पण वजनाने काय होतंय? गेल्या महिन्यात त्याच सीटवर चार करंड्या चिकू होते. खडखडतच गेलो. वर चिकूंचा लगदा झाला.

महादू : चिकू कसं चालंल? जिवंत वजन पायजे, नि तेच पायजे. गाडी मानूस ओळखते. चला, बायला घेऊन येऊ.

आत्माराम : कुठल्या तोंडाने? तिला पत्रिकासुद्धा दिलेली नाही मी.

महादू : सख्ख्या बहिनीला?

आत्माराम : हेमांगीने पत्रिका हातात घेतल्या घेतल्या विचारलं, आत्याचं नाव कुठंय? मी म्हटलं, छापायचं राहिलं. तेव्हापासून पोरगी माझ्याशी नीट बोलत नाही.

महादू : गाडीला पत्रिका नाय लागत, बाय लागते. बसा.

(बेटेगाव. दमयंतीचा ओटा.)

दमयंती : कोण गेलं?

आत्माराम : कोणी नाही.

दमयंती : मग तू दारात कसा? आणि हा तेलात तळून काढलेला कोण?

महादू : मी महादू, बाय. गाडीचा डाक्टर.

दमयंती : अस्सं. गाडीचं दुखतंय होय. मला वाटलं, रविवारचं सांगायला आलास. ते काय, सगळ्या बेटेगावाला ठाऊक आहे. मासळीवालीने सांगितलं मला. दोन पापलेटं आणि भाचीचं लग्न, एकाच टोपलीतून.

आत्माराम : ताई, तू जरा गाडीत बसशील का?

दमयंती : कुठं जायचंय?

आत्माराम : कुठं नाही. नाक्यापर्यंत. मागे, डावीकडे.

दमयंती : कशाला?

महादू : वजनाला, बाय. बहात्तर किलो पायजेत.

दमयंती : अडुसष्ट आहे आता. साखर सोडली.

महादू : चार किलो कमी! भाऊ, तो ओट्यावरचा फनस घेऊ या का मांडीवर?

दमयंती : फणस तुझ्या डोक्यावर घे. आत्माराम, खाली काय बघतोस, माझ्याकडे बघ. मला वजन म्हणून न्यायला आलास की आत्या म्हणून?

आत्माराम : आधी नाक्यापर्यंत तर चल.

दमयंती : हे उत्तर झालं? बरं. चप्पल घालते. पण तुझ्यासाठी नाही, गाडी बिचारी आजारी आहे म्हणून.

महादू : दार लावा, बाय. भाऊ, तुमी चालवा, मी पुढे बसून कान लावतो. हं, सोडा.

दमयंती : अगं बाई! काय हा आवाज!

महादू : भाऊ, येतोय हो! तसाच येतोय! चार किलोनी घात केला!

आत्माराम : कुठं येतोय? बंद झाला!

महादू : काय?

आत्माराम : बंद झाला म्हणतोय! तुला येतो का ऐकू? नीट विचार करून सांग!

महादू : आं? नाय. आता कायच नाय! एकदम देवळासारखी शांतता!

दमयंती : मग बोंबलताय कशाला दोघं?

आत्माराम : आनंदाने! बघ ताई, तू बसलीस आणि गाडी गप्प झाली! रोज बसायला हवं तुला!

दमयंती : झालं ना काम तुझं? मग उतरव मला नाक्यावर! गेल्या वेळी उतरवलीस तिथंच!

आत्माराम : काय?

दमयंती : उतरव म्हणते!

आत्माराम : नाका गेला!

दमयंती : गेला कसा? अरे, किती जोरात हाकतोस! समोर डंपर आहे! आत्माराम, डंपर!

महादू : भाऊ, खरंच हाय हो डंपर!

दमयंती : थांब मेल्या, मला आधी पट्टा लावू दे! माझ्याशिवाय कुणी लावत नाही वाटतं हा मागचा. लोंबतोय बघ कसा!

आत्माराम : ताई, माझं चुकलं गं! तू शनिवारीच ये! हळद तूच लाव तिला!

दमयंती : खाच कुठं गेली याची? हां, सापडली.

आत्माराम : तू नाही आलीस तर मलाही मांडवात उभं राहवणार नाही! तीन वर्षं मी त्या आरशात मागची सीटच बघतोय!

महादू : भाऊ.

आत्माराम : काय आहे?

महादू : हळू बोला. थांबली ती.

आत्माराम : थांबली?

महादू : पट्ट्याचा आकडा. दाराच्या खांबावर आपटत होता. नि मी इंजिन खोललं.

आत्माराम : ताई...

दमयंती : ऐकलं मी.