थेंबही न घेतां

आमचे वाडवडील तंजावरच्या राजांबरोबर मराठी मुलखांतून आले म्हणतात, पण मी तो मुलूख पाहिला नाहीं, माझा जन्म कुंभकोणाचा, बाप लग्नांचा स्वैपाक करायचे, मीही तेंच धरलें. आचारी वेंकोबा राव म्हटलें कीं पापनाशमपर्यंत लोक ओळखतात. काय सांगूं तुम्हांला, आमच्या धंद्यांत धड जेवण नाहीं पण तोंड रिकामें नाहीं, पायसम चाखा, पाक चाखा, वर गोड कापी, म्हणजे कॉफी. पोट सुटलें तर लोक म्हणायचे, आचारी असाच असावा.

मग एका लग्नांत सांबाराचें पातेलें उतरवायला वाकलों आणि पाठींत कडकन् झालें. पडलों नाहीं, कोणी ढकललें नाहीं, नुसता वाकलों. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणका दबला आहे, या वयांत असें होऊं नये. मग रक्त काढलें, पोटाचा स्कॅन केला. साखर फार वाढलेली, लिव्हरवर चरबी, तें कडकही होऊं लागलेलें. विचारलें, दारू किती घेतां? मी म्हटलें, आयुष्यांत थेंब नाहीं. माझी बायको सुभद्रा बाजूलाच बसलेली, ती माझ्याकडे पाहत राहिली.

त्यांत तिचा भाऊ इन्नंबूरहून आला, म्हणाला, लिव्हर काय उगीच बिघडतें, लग्न आटोपल्यावर आचारी लोक मागल्या अंगणांत काय करतात तें ठाऊक आहे आम्हांला. खरेंच आहे, करतात, पण मी नाहीं. न केलेल्या गोष्टीला साक्षी कोठून आणायचा? सुभद्रा माझे सदरे धुवायच्या आधीं नाकाशीं धरायची. मी खाटेवर पडून पाहायचों. पाठीपेक्षां तें दुखलें.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना मीच म्हटलें, अम्मा, औषध राहूं द्या, आधीं हिला सांगा. बाईंनी तमिळांत सावकाश सांगितलें, दारू न पितांही लिव्हरवर चरबी चढते, पोट, साखर आणि लिव्हर एकमेकांना धरून बिघडतात, आणि अशा रोग्यांचीं हाडेंही कमजोर झालेलीं दिसतात, पण यांचें हाड नेमकें कशानें गेलें तें छातीठोक सांगतां येत नाहीं. सुभद्रेनें एकच विचारलें, म्हणजे हे खरें बोलत होते? बाई म्हणाल्या, हो.

आम्ही घरीं आलों. चुकलें वगैरे ती म्हणाली नाहीं. मी वाट पाहिली, खोटें कशाला बोलूं.

आतां पाठीला पट्टा बांधून मंडपांत खुर्चीवर बसतों, मीठ-तिखट सांगतों, पातेल्याला हात लावायचा नाहीं. लिव्हर पुन्हां बरें होईल का, बाई होयही म्हणत नाहींत, नाहींही म्हणत नाहींत. हाड मोडेल ही भीति शिंकतांनाही वाटते. संध्याकाळीं आम्ही दोघें महामहम तळ्याभोंवतीं चालतों. आमच्यांत नवराबायको रस्त्यांत हात धरीत नाहींत, पण ती धरते, एकदां तिचा भाऊच समोरून आला, तरी सोडला नाहीं. एवढेंच आहे माझें. तुमचें अंग धड राहो, आणि तुमचें बोलणें तुमच्या घरांत खरें धरलें जावो.