तात्यांचं संपूर्ण भारतात चालणारं पिस्तूल

पिस्तुलाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वारूळवाडीच्या तात्यांचं ऐका राव. बिबट्याचं कारण सांगून त्यांनी लायसन काढलं. बिबट्यानं ते पिस्तूल कधी पाहिलं न्हाई, गावानं मात्र रोज पाहिलं. फोन काढायचा म्हटला तरी तात्यांचा शर्ट कमरेच्या वर.

मंचरच्या शेटजींच्या पोरीचं लग्न त्यांच्या मूळ गावी, राजस्थानात ठरलं. तात्यांनी कचेरीत खेटे घालून लायसनवर 'संपूर्ण भारत' असा शिक्का मारून आणला. गाडी मी चालवत होतो. "परराज्यात झाकून न्यावं लागतं," हे ते दर टोलनाक्यावर शर्ट वर करून सांगत होते.

गुजरातच्या हद्दीवर पोलिसानं आत डोकावून विचारलं, "शराब है?" मी नाही म्हटलं, त्यानं जा म्हटलं. तात्यांचा चेहराच पडला.

"साहेब, शराब न्हाई, पर पिस्तूल है."

झालं. आम्ही दोघं खाली, हात वर. लायसन तिघांनी वाचलं. सगळं कायदेशीर. मग साहेब म्हणाले, "अब निकालो. धीरे से."

तात्यांनी कमरेच्या चामडी कव्हरात हात घातला आणि हळूच चष्मा बाहेर काढला.

"पिस्तूल कहाँ है?"

"इलेक्शन लागलंय ना साहेब. तिकडं पोलीस ठाण्यात जमा केलंय."

"तो ये क्यों बाँधा?"

"लग्नाला चाललोय. मोकळी कंबर बरी दिसत न्हाई."

साहेबांनी चष्मा परत दिला. "जाओ चाचा. ये कहीं भी ले जा सकते हो."

गाडीत बसल्यावर तात्या मला म्हणाले, "ऐकलंस ना? कुठंबी चालतंय म्हणला."